आम्ही पऱ्हाटीत बसलो तेव्हा

वाळत्या पिकाला पाणी मिळू नये म्हणून टँकरसमोर बसलेली आणि त्यापायी पोलिसांच्या गाडीतून गेलेली माणसं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आम्ही तिघंच असू. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "काहून पण?" मी सांगायला लागले की माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, झालं गेलं, जाऊ दे. कायले जाऊ देऊ? ज्यांनी केलं ते मजेत आहेत, त्यांनी जाऊ द्यावं.

यवतमाळच्या बाहेर माळावर आमचं कापसाच्या संशोधनाचं लहानसं केंद्र होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पत्र्याच्या छताची एक लांबट इमारत, मागे प्रयोगाचे प्लॉट, एक विहीर आणि कुंपणाला लागून बाभळी. पिकाला अंतर किती ठेवायचं, खत किती, पाणी किती, हे पाहायचं माझं काम. माझे वरिष्ठ, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, ते कापसाचे नवे वाण तयार करायचे. शहरातल्या जुन्या वकिलांच्या घरातले. त्यांच्या घराण्यात कोणी वखराला हात लावला नसेल. पण प्लॉटमध्ये शिरले की त्यांचा आवाज आपोआप हळू व्हायचा, आजाऱ्याच्या खोलीत होतो तसा. तिसरा आमचा हवामानवाला. पावसाच्या, उन्हाच्या नोंदी तो ठेवायचा. उमरखेडकडचा, कंत्राटावरचा, बडबड्या. मला ताई म्हणायचा आणि माझ्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून घ्यायचा.

सरांचं एक वाण होतं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी ते काम हाती घेतलं आणि तिचं लग्न झालं त्या सुमारास ते पुरं झालं. शेतकऱ्यानं घरचं बी राखून दरवर्षी पेरावं, दुकानात जायची गरज पडू नये, अशा बेतानं केलेलं वाण. काळ्या, भारी जमिनीत ते फार सुरेख यायचं. सर त्याच्याकडे बघत उभे राहायचे आणि आम्ही त्यांना चिडवायचो, "सर, दृष्ट लागेल हो." ते लाजायचे.

ती वर्षं कापसाला वाईटच होती. बोंडात अळी शिरली, फवारता फवारता माणसं दवाखान्यात गेली, लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटून बांधावर फेकायला लागले. पण सरांना धास्ती होती ती वेगळीच. पाऊस बदलला होता. एका आठवड्यात ओतून जायचा, माती धुऊन न्यायचा, आणि मग महिना-महिना तोंड दाखवायचा नाही. भादव्यात वैशाखाचं ऊन पडायचं. आमचा हवामानवाला जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी शेजारी शेजारी मांडून दाखवायचा आणि म्हणायचा, "सर, हे आता असंच राहणार. मागचे दिवस परत येत नसतात." त्या उन्हात आणि त्या उघाडीत सरांचं वाण बरड, मुरमाड जमिनीवर टिकेना. फुलाआधीच्या कळ्या, ज्यांना आमच्याकडे पात्या म्हणतात, त्या सगळ्या गळून झाडाखाली सडा पडायचा. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा सरांनी वर लिहून कळवलं की हे वाण बरड कोरडवाहू जमिनीसाठी देऊ नये. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी पुढे लिहिलं की हवामान इतकं बदललं आहे, की हलक्या जमिनीवरचा कापूस आता कुठल्याच बियाण्यानं वाचणार नाही. हे शेतकऱ्याला तोंडावर सांगा आणि त्याला दुसऱ्या पिकाकडे जायला मदत करा.

वर हे कोणाला पाहिजे होतं? वर पाहिजे होतं 'बदलत्या हवामानाला टक्कर देणारं वाण'. तसा फलकसुद्धा रंगवून आला होता.

इथे माझ्या दादाबद्दल सांगायला पाहिजे, कारण माझा जीव टांगणीला लागला होता तो त्याच्यापायी. माझा मोठा भाऊ बाभुळगावजवळ आमचं वावर करतो. सगळं उताराचं, बरड. मन लावून करणारा माणूस, हट्टी, कोणाचं न ऐकणारा. ऐकतो फक्त माझं. दर वर्षी मृग लागायच्या आधी त्याचा फोन यायचा, "बाई, औंदा काय पेरू?" मी सांगीन ते पेरायचा. गावात कोणी वेगळा सल्ला दिला की म्हणायचा, "माही बहीन त्याच्यातच हाय." ते वाण बाहेर पडलं तर ज्या वावरात आधी मरणार, ते आमचंच वावर होतं. आणि त्याच्यासारखी बरड जमीन करणारे निम्म्या जिल्ह्यात.

त्या वर्षी ऐन पात्या लागायच्या वेळी पाऊस गडप झाला. शिवारफेरी जवळ आली होती. शेतकऱ्यांना आणि बड्या पाहुण्यांना सगळे प्लॉट दाखवत हिंडवतात, त्याला आमच्यात शिवारफेरी म्हणतात. केंद्राच्या प्रमुखांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"तुमचं वाण लावलंय त्या कोरडवाहूच्या प्लॉटला पाणी देऊन टाका," साहेब म्हणाले.

"तो कोरडवाहूचा प्रयोग आहे साहेब," सर म्हणाले. "पाणी दिलं की प्रयोग संपला."

"अहो, जीव वाचवण्यापुरतं. संरक्षित ओलित म्हणा."

"मग फलकावर तसं लिहू?"

साहेबांनी सरांकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता खुर्ची फेकतात. पण ते हसले आणि म्हणाले, विहिरीत पाणी नाही, मी टँकर सांगितला आहे, तुम्ही काळजी करू नका.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सर म्हणाले, "मी उद्या प्लॉटमध्ये बसणार आहे. तुम्हाला नोकऱ्या आहेत, तुम्ही येऊ नका." जणू त्यांना स्वतःला नोकरी नव्हती. मी विचारलं, "सर, तुमच्या हातानं वाढवलेलं वाण. वाळताना बघवेल?" ते म्हणाले, "मॅडम, ते मरतं आहे, तर मरताना लोकांनी बघितलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी ते लोकांच्या शेतात मरेल."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, मी पण बसते. हवामानवाला तर उडीच मारायला निघाला. बाहेरदेशी शास्त्रज्ञ हवामानासाठी पांढरे एप्रन घालून रस्त्यावर बसतात, पोलीस त्यांना उचलून नेतात, हे त्यानं आम्हाला मोबाइलवर दाखवलं. एकानं तर रस्त्याला हात चिकटवून घेतला होता. सरांनी ते फार बारकाईनं पाहिलं आणि विचारलं, "पण मग हात सोडवतात कसा?"

आम्ही एप्रन घातले. माझा माती तपासायच्या खोलीतला, त्यावर डाग पडलेले. सकाळी आम्ही प्लॉटपाशी गेलो आणि चपला बांधावर काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, सवयच ती. मग झाडाला धक्का न लावता दोन ओळींच्या मधे, एकामागं एक बसलो. आता सांगते, जगात कोणी सत्याग्रही इतक्या बेतानं बसला नसेल. प्रयोगातलं एक झाड मोडलं तरी हिशेब बिघडतो, हे आमच्या हाडात मुरलेलं. वाकलेलं एक झाड सरांच्या खांद्याला लागत होतं, तर ते आखडून बसले आणि एका हातानं त्याची फांदी धरून राहिले. पानं दुपारसारखी लोंबत होती, सकाळ असून.

टँकर आला. ड्रायव्हरनं पाइप सोडला आणि आम्हाला बघून थबकला. सरांनी हात वर केला, "पाणी नाही द्यायचं." बांधावर निंदणाच्या बाया जमल्या, रस्त्यानं जाणारे मोटारसायकली लावून आत आले. एक बाई म्हणाली, "माय वं! जीव जाऊन राह्यला त्या पऱ्हाटीचा, अन् तुमी पानी अडवून राह्यले?"

मग मी सुरू झाले. पाऊस कसा बदलला, ऊन कसं वाढलं, हे वाण बरडावर कसं टिकत नाही, आणि हे पाणी म्हणजे तुमच्या डोळ्यात धूळ आहे, सगळं ओरडून ओरडून सांगितलं. माझा घसा बसला. पण टँकरचं इंजिन चालू होतं, आणि खरं सांगायचं तर लोक माझ्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते फांदी धरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे. कोणी कोणी मोबाइल वर धरले होते. मला वाटलं, बरं झालं, आता गावोगाव कळेल.

साहेब आले. आधी हात जोडले, मग दम दिला, मग पोलिसांना फोन लावला. पोलीस आले ते भलेपणानंच आले. त्यांच्यातले मोठे साहेब सरांपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "सर, उठा ना. कायले या वयात? वरून फोनवर फोन येऊन राह्यले मले." सर म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा, माझी काही तक्रार नाही." सरकारी कामात अडथळा, असा गुन्हा आमच्यावर लागला. आमचंच काम, आमचाच प्लॉट, आणि अडथळा आमचा!

मग पोलीस ओळी तुडवत आत शिरले, आणि सरांचा तोल गेला. इतका वेळ शांत बसलेला माणूस एकदम किंचाळला, "मधून चाला, मधून! झाडं मोडू नका!" दोघांनी त्यांना काखेत धरून उचललं, त्यांचे पाय जमिनीवरून फरफटत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते ओरडतच होते, "अहो, झाडं मोडू नका हो!" मी आणि हवामानवाला मागून ओढले जात होतो, आणि आम्हीही तेच ओरडायला लागलो. का, ते मला विचारू नका. शिकवणच तशी होती. मरणाऱ्या पिकाचीसुद्धा मोजणी बरोबर आली पाहिजे.

दिवसभर आम्हाला ठाण्यात बसवून ठेवलं. हवालदारीणबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, लई महागाचं बी हाय का थे?" मी इतकी थकले होते, की नुसती मान हलवली. तेवढ्या वेळात तिकडे प्लॉटवर टँकर रिकामा झाला होता, आणि त्याच्यामागून आणखी आले.

पुढचं थोडक्यात. शिवारफेरी झाली. प्लॉट हिरवागार, फलक उभा, पाहुण्यांनी झाडाशेजारी फोटो काढले. हवामानवाल्याचं कंत्राट पुन्हा झालं नाही. तो उमरखेडला परत जाऊन मोबाइलचं दुकान बघायला लागला. सर चौकशी डोक्यावर घेऊनच निवृत्त झाले आणि त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. मला आधी निलंबित केलं आणि मग पार गडचिरोलीच्या टोकाला, भाताच्या केंद्रावर टाकलं. कापसाची बाई भाताच्या बांधीत! तोंड उघडलं तर नोकरी जाईल, अशी लेखी तंबी वेगळी.

आणि तो व्हिडिओ. तो जिल्हाभर फिरला, वणीपासून उमरखेडपर्यंत. माझं भाषण त्यात नव्हतंच. त्यात होता एक म्हातारा शास्त्रज्ञ, ज्याला पोलीस फरफटत नेत आहेत आणि जो रडत रडत सांगतो आहे की झाडं मोडू नका. लोकांनी त्याचा काय अर्थ लावावा? लोक म्हणाले, कंपनीवाल्यांना हे बी बुडवायचं होतं. ते प्लॉट नासवायला आले होते आणि सायबानं जेल पत्करली, पण झाड मोडू दिलं नाही. असं बी कधी पाहिलं होतं का, ज्याच्यासाठी सरकारी माणूस मार खायला तयार होतो? उन्हाळ्यात केंद्रानं बियाणं वाटायला काढलं, तेव्हा फाटकाबाहेर रांग लागली. फलकानं जे झालं नसतं ते आम्ही तिघांनी करून दाखवलं.

हे मला भाताच्या बांधीत बसून कळलं. मी हादरले. दादाला फोन लावला. तिकडे फोन लागायला टेकाडावर जावं लागायचं.

"दादा, त्या केंद्राचं बी आणलं काय तू?"

"पाहून राह्यलो," तो म्हणाला.

"पेरू नको. ऐकून राह्यला ना? आपल्या बरडात ते टिकत नाही. त्याच्यासाठीच तर आम्ही बसलो होतो."

"बरं बरं."

"बरं बरं नाही! शपथ घे."

तो हसला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "समजते मले सारं. तू फोनवर काई बोलू नको बाई. नोकरी सांभाळ तू."

मी म्हटलं, अरे बाबा, मला कोणी बोलायला लावत नाही आहे, मी माझ्या मनानं सांगते आहे. तर म्हणतो, "हो, हो. तसंच." मी किंचाळले, शिव्या दिल्या, बाबांची आण घातली. जितकी ओरडले तितकं त्याला वाटत गेलं, की बिचारीवर किती दाब आहे पाहा. शेवटी तो म्हणाला, "नाई पेरत, जाय." मी सुटकेचा श्वास टाकला. पण रजा मागितली ती मिळाली नाही, आणि मन काही केल्या खाली बसेना.

रजा मिळाली ती भादव्यातल्या महालक्ष्म्यांना. घरी पोचले तर वहिनी माझ्या नजरेला नजर देईना. महालक्ष्म्या बसल्या होत्या, आंबिलीचा, पुरणाचा वास होता, आणि ती सारखी उठून आत जात होती. मी विचारलं, "दादा कुठे?" ती म्हणाली, "वावरात. सारा दिवस तिकडंच ऱ्हायते आता." मी तशीच निघाले.

पुन्हा मोठी उघाड पडली होती. धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, मला कळलं. आमच्या सगळ्या उतारावर तेच वाण होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ते झाड डोळे मिटून ओळखलं असतं. पानं करपून वळली होती आणि खाली पात्यांचा सडा. दादा एका ओळीत उभा होता. वाळला होता बिचारा, दाढी वाढलेली. मला बघून तो ओशाळला नाही की काही नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, डॉक्टर घरी आल्यावर येतो तसा.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. च्या मायले, सगळं पाठ करून आले होते वाटेनं. त्याआधी तोच बोलला.

"पाह्य बरं काय झालं याले. तुमी जसं केलं तसंच केलं मी. एक थेंब नाई देला."

"काय नाही दिलं?"

"पानी. शेजारचा काका म्हने, माह्या बोअरले पानी हाय, घे दोन पाळ्या, पऱ्हाटी वाचन. मी म्हनलं नाई. माही बहीन याले पानी देऊ नये म्हनून जेलात गेलती. पानी चालत असतं तं थे लोकं टँकर कायले अडवते?" त्यानं हात पसरून वावर दाखवलं. "रोज येत होता काका. रोज परत पाठवलं मी त्याले."

मी खाली वाकून एक फांदी मोडली. कट्कन मोडली. आत हिरवं काही नव्हतं, झाड मेलेलं. दुसऱ्या झाडाची मोडली, तिसऱ्या झाडाची मोडली. दादा माझ्या हातांकडे बघत होता, एवढ्या विश्वासानं, की मला त्याला तिथेच दोन थापडा माराव्याशा वाटल्या आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

"आता देऊ का मंग?" त्यानं विचारलं. "काकाच्या बोअरले हाय अजून थोडंसं."

मी पिकाला पाणी किती, केव्हा, हे आयुष्यभर शिकलेली बाई. मी म्हणाले, "दे दादा. आजच दे."

"पाह्य, मले वाटतच होतं, तू आली का सांगशीन बराबर," तो म्हणाला आणि काकाच्या घराकडे जवळजवळ पळतच निघाला.